कुष्ठरोग्यांचा सोबती : वसईचे गोन्सालो गार्सिया

ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ या पट्ट्यातील आमचे उपासक-उपासिका नालासोपाऱ्याच्या स्तूपावर श्रद्धेने जातात. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तेथे उत्खनन केले आणि तथागतांच्या भिक्षापात्राचे तुकडे मानले गेलेले अवशेष बाहेर काढले, हा इतिहास आमच्या लेकरांनाही पाठ आहे. त्याच परिसरात गास नावाचे गाव आहे. तेथे एक कॅथलिक चर्च आहे. ते संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचे आहे. वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालयही आहे. वसईचा तालुका २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता, म्हणजे हा माणूस आमच्याच जिल्ह्याचा. पण चळवळीतल्या दहा जणांना विचारले, तर नऊ जणांना हे नाव माहीत नसते. संत म्हटला की त्याने कोणता चमत्कार केला हे लोक विचारतात. बाबासाहेबांचे अनुयायी म्हणून आम्ही विचारतो की, तो कोणाच्या शेजारी जाऊन बसला? या कसोटीवर गोन्सालोंचे चरित्र वाचण्यासारखे आहे.

१५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली. त्यानंतर साधारण वीस-बावीस वर्षांनी, १५५७ च्या सुमारास, गोन्सालोंचा जन्म झाला. बाप पोर्तुगीज शिपाई, आई वसईचीच, इथल्या मातीतली. पोर्तुगीज राज्यात माणसाची किंमत जन्मावरून ठरत असे. पोर्तुगालात जन्मलेला सर्वांत वर, त्याच्याखाली इथे जन्मलेला गोरा, त्याच्याखाली मिश्र रक्ताचा आणि तळाशी बाटून ख्रिस्ती झालेला इथला माणूस. जातीची उतरंड या देशात होतीच. समुद्रावरून आलेल्यांनी तिच्या शेजारी आपली आणखी एक उतरंड रचली, आणि या पोराचा जन्म तिच्या खालच्या पायरीवर झाला.

येथे एक कटू गोष्टही नोंदवली पाहिजे. याच काळात फ्रान्सिस्कन साधूंनी मंडपेश्वरचे लेणे ताब्यात घेतले आणि कान्हेरीच्या चैत्यातही चर्च थाटले. ज्या कान्हेरीत कल्याणच्या आणि सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी भिक्खू संघाला दाने दिली, त्या दानांचे शिलालेख आजही भिंतींवर आहेत, तेथे क्रूस उभा राहिला. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय सुरू झाले आणि त्याचा जाच लोकांनी अडीचशे वर्षे भोगला. गोन्सालोंबद्दल आदराने लिहिताना हे झाकून ठेवण्याचे आम्हाला कारण नाही. राज्यकर्त्यांचा धर्म आणि त्याच धर्मातल्या एखाद्या सेवेकऱ्याचा धर्म एकच असतो असे नाही.

वसईत येशूसंघाची शाळा होती. मुलगा तेथे वाढला, शिकला. सेबास्तियांव गोन्साल्व्हिस या धर्मगुरूंचा त्याच्यावर जीव होता. १५७२ साली ते जपानला निघाले तेव्हा पंधरा-सोळा वर्षांच्या या पोरालाही सोबत घेऊन गेले. पोरगा हुशार होता. युरोपातून आलेल्या मोठमोठ्या पंडितांची जपानी भाषेपुढे दमछाक होत होती आणि हा वसईचा मुलगा बाजारात, गल्लीत, झोपडीत लोकांशी त्यांच्या बोलीत बोलू लागला. सुमारे आठ वर्षे त्याने धर्मगुरूंच्या हाताखाली राबून धर्मशिक्षकाचे काम केले. त्याला येशूसंघात प्रवेश हवा होता. त्याने मागितला, पुन्हा मागितला. मिळाला नाही.

काम चालते, घाम चालतो, भाषा चालते, पण माणूस आत नको! हा अनुभव आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको. आईकडून आलेले रक्त आड आले, असे त्यांचे अनेक चरित्रकार मानतात. येशूसंघाच्या पूर्वेकडील कारभाराचे प्रमुख व्हालिन्यानो यांचे मत इथल्या आणि मिश्र रक्ताच्या माणसांना संघात घेऊ नये असेच होते, हे तर इतिहासात नोंदलेले आहे. त्या शतकात येशूसंघाने एकच भारतीय आत घेतला, १५६१ साली. त्याचे नाव पेरो लुईस, आणि तो जन्माने ब्राह्मण होता! पुढे १६०६ मध्ये याच संघाचे दे नोबिली मदुराईला आले, त्यांनी जानवे-शेंडीला ख्रिस्ती धर्मात जागा करून दिली आणि १६२३ मध्ये पोपने त्याला मान्यताही दिली. उच्चवर्णीयांसाठी वेगळे धर्मगुरू आणि खालच्या म्हटलेल्यांसाठी वेगळे, अशी व्यवस्था तेथे लागली. ख्रिस्त सर्वांसाठी आला असेल, पण त्याच्या घराची पायरी या देशात येताच सोवळी झाली.

आम्हाला या ठिकाणी सोपाऱ्याच्या पूर्णाची आठवण होते. पूर्णाची आई दासी होती. बापाच्या मागे भावांनी त्याला वाटा नाकारला. त्याने समुद्रावरचा व्यापार करून नाव कमावले, सगळे सोडून तथागतांकडे गेला, आणि संघाने त्याची आई कोण हे विचारले नाही. न्हावी उपाली, भंगी सुनीत यांनाही विचारले नाही. पुढे हा पूर्ण रागीट, मारकुट्या लोकांच्या प्रदेशात धम्म घेऊन गेला. सोपारा आणि वसई यांत अंतर काही मैलांचे, काळाचे अंतर दोन हजार वर्षांचे. एकाच किनाऱ्यावरच्या दोन माणसांच्या नशिबात एवढा फरक का पडला, याचा विचार ज्याने त्याने करावा.

नकार पचवून गोन्सालो व्यापारात शिरले. जपानच्या बंदरांतून आग्नेय आशियापर्यंत त्यांचा माल जाऊ लागला. पैसा आला, ओळखी झाल्या. दुसरा कोणी असता तर तेथेच थांबला असता. पण १५८० च्या दशकात त्यांनी गल्ला बंद केला आणि फिलिपाईन्समधील मनिला गाठले. तेथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांना घेतले, तेही धर्मगुरू म्हणून नव्हे. ब्रदर म्हणून, साधा सेवेकरी बंधू म्हणून. ब्रदरने झाडायचे, रांधायचे, आजाऱ्याचे उशा-पायथ्याचे करायचे. वेदीवर उभे राहून मिस्सा अर्पण करण्याचा मान त्याला नाही. गोन्सालो शेवटपर्यंत ब्रदरच राहिले.

१५९३ साली फिलिपाईन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानच्या हिदेयोशीकडे शिष्टमंडळ पाठवले. पेद्रो बाउतिस्ता हे त्याचे प्रमुख. हिदेयोशी त्या वेळी कोरियावरच्या स्वारीची मोहीम चालवीत होता आणि फिलिपाईन्सने आपल्यापुढे मान तुकवावी असे त्याचे म्हणणे होते. दरबारात दुभाषी म्हणून उभे राहिले ते वसईचे ब्रदर. ज्याला संघात घ्यायला लाज वाटली, त्याच्याच जिभेवर आता दोन सत्तांमधला व्यवहार अवलंबून होता. या हिदेयोशीबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. तो स्वतः शेतकरी शिपायाचा मुलगा, अगदी खालून वर आलेला. वर आल्यावर त्याने १५८८ मध्ये शेतकऱ्यांची हत्यारे काढून घेतली आणि १५९१ मध्ये शेतकऱ्याने शेतकरीच राहावे असा हुकूम काढला. ज्या शिडीने चढला तीच त्याने वर ओढून घेतली. अशी माणसे आमच्याकडेही काही कमी नाहीत.

फ्रान्सिस्कनांना क्योतो शहरात राहायची परवानगी मिळाली, जागा मिळाली. तेथे त्यांनी चर्च बांधले आणि कुष्ठरोग्यांसाठी दवाखाने काढले. गोन्सालोंच्या चरित्रातला आम्हाला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हा आहे.

त्या काळच्या जपानात कुष्ठरोगी म्हणजे कोण, हे समजून घेतले पाहिजे. रोग दिसला की घरच्यांनी त्याला बाहेर काढायचे. मग तो गावाबाहेरच्या हिनिन लोकांत जाऊन पडायचा. हिनिन या शब्दाचा अर्थच मुळी माणूस नसलेले. भीक मागणे, प्रेते उचलणे, घाण काढणे, मेलेल्या जनावरांची कातडी सोलणे ही कामे गावकुसाबाहेरच्या अशाच लोकांकडे. त्यांचे वारस म्हणजे आजचे बुराकुमिन. १८७१ साली कायद्याने हा भेद संपला, तरी लग्न आणि नोकरीच्या वेळी त्यांचे मूळ शोधले जात राहिले. महारवाडा आणि मांगवाडा पाहिलेल्या माणसाला हे चित्र परके वाटणार नाही.

कुष्ठरोग हे मागच्या जन्मीच्या पापाचे फळ, अशी समजूत जपानमध्ये रूढ होती आणि तिला बौद्ध म्हणवणाऱ्यांचाही आधार होता, हे मान्य करायला आम्हाला संकोच वाटत नाही. पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धान्त बुद्धाच्या माथी कसा मारला गेला, याची चिकित्सा बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात केली ती उगाच नव्हे. पण त्याच जपानमध्ये तेराव्या शतकात निन्शो नावाच्या भिक्खूने नारा येथे कुष्ठरोग्यांसाठी निवारा उभा केला होता. बोधिसत्त्व मंजुश्री हिनिनाच्या रूपाने आपल्यासमोर येतो, असे मानणारी त्यांची परंपरा होती. मधल्या तीनशे वर्षांत लढाया झाल्या, मठांनी सैन्ये बाळगली, आणि करुणेचा तो ओघ आटत गेला. अशा वेळी सोपाऱ्याच्या शेजारच्या गावातला एक ब्रदर क्योतोत गेला आणि ज्यांना हात लावत नसत त्यांच्या जखमा धुऊ लागला. त्याचा देव वेगळा होता. हात लावणे मात्र तेच होते. म्हणून निन्शोच्या शेजारी गोन्सालोंचे नाव लिहिताना आमचा हात अडखळत नाही.

ख्रिस्ती धर्मगुरूंनी देश सोडावा असा हुकूम हिदेयोशीने १५८७ मध्येच काढलेला होता. येशूसंघाचे लोक म्हणून जपून, आडोशाने वागत. फ्रान्सिस्कन मात्र उघड काम करीत. १५९६ च्या ऑक्टोबरात सान फेलिपे हे मालाने भरलेले स्पॅनिश जहाज तोसाच्या किनाऱ्यावर फुटले. माल जप्त झाला, त्यावरून वाद पेटला आणि आधी धर्मगुरू येतात, मागून सैन्य येते, असा संशय बळावला. तो संशय अगदीच खोटा होता असे वसई-गोव्याच्या माणसाने तरी म्हणू नये! पण राज्यांच्या भांडणात मान कापली गेली ती जखमा धुणाऱ्यांची.

डिसेंबरात धरपकड झाली. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोत २४ जणांच्या डाव्या कानाची पाळी कापली, गाड्यांवर बसवून धिंड काढली. मग ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीकडे नेले. तो प्रवास महिनाभर चालला, वाटेत आणखी दोघे त्यांच्यात सामील झाले. या २६ जणांत फ्रान्सिस्कन सहा. चार स्पेनचे, एक मेक्सिकोचा, एक वसईचा. येशूसंघाचे तिघे जपानी. उरलेले १७ जपानी सामान्य लोक. त्यांत सुतार होता, धनुष्य बनवणारा होता आणि त्याचा चौदा वर्षांचा मुलगा होता, तलवारींना धार लावणारा होता, दवाखान्यातला स्वयंपाकी होता. सर्वांत लहान लुईस बारा वर्षांचा. राबणाऱ्या हातांचीच ही यादी आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर त्यांना क्रूसांवर बांधले आणि भाल्यांनी भोसकले. गोन्सालो तेव्हा चाळिशीत होते. ज्या येशूसंघाने त्यांना दार उघडले नाही, त्या संघाचे तिघे त्याच टेकडीवर मेले. तेथे कोणी कोणाचे रक्त तपासले नाही.

१६२७ साली चर्चने या सर्वांना धन्य घोषित केले. ८ जून १८६२ रोजी नववे पोप पायस यांनी त्यांना संतपद दिले. भारतात जन्मलेले कॅथलिक चर्चचे पहिले संत ते गोन्सालो गार्सिया. त्यानंतर दुसरे नाव, केरळच्या अल्फोन्सा यांचे, यायला २००८ साल उजाडावे लागले.

आता आमचा प्रश्न. वसईच्या ख्रिस्ती समाजात सामवेदी, वाडवळ, कोळी हे भेद धर्म बदलूनही टिकले, बेटीव्यवहार बराच काळ आपापल्या गटातच राहिला. बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर लिहिताना हेच दाखवून दिले आहे. मिशनऱ्यांच्या शाळा-दवाखान्यांचे मोल त्यांनी मान्य केले, पण चर्चमध्ये अस्पृश्यांसाठी वेगळी जागा राखली जात होती आणि चर्च जातीशी लढले नाही, हेही त्यांनी स्पष्ट लिहिले. दलित ख्रिस्ती माणसाची कोंडी दुहेरी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. सरकार म्हणते, तुमच्यात जात नाही. चर्चच्या बाकावर मात्र जात शेजारी बसलेली असते. पहिला दलित कार्डिनल, हैदराबादचे अँथनी पूला, २०२२ साली झाला, हे या दोन हजार वर्षांच्या धर्माचे भारतातले वेळापत्रक आहे.

ठाण्यात मासुंदा तलावाकाठी सेंट जॉनचे जुने चर्च आहे. कल्याण, डोंबिवली, उल्हासनगरातही धर्मग्राम आहेत, त्यांचे दवाखाने, शाळा, गरिबांना मदत करणारी मंडळे आहेत, आणि त्यांतून आमच्या वस्त्यांतली मुलेही शिकली आहेत. याच धर्मग्रामांत अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, आणि जालन्याकडून पोटासाठी आलेली ख्रिस्ती कुटुंबे राहतात. त्यांचे आजे-पणजे महार किंवा मांग होते, आमचेच भाऊबंद. धर्मग्रामाच्या कार्यकारी मंडळावर त्यांच्यातले किती जण आहेत, त्यांच्या किती मुलांना धर्मगुरू होण्यासाठी पाठवले गेले आहे आणि वसईच्या घरांत त्यांच्या किती मुली सुना म्हणून गेल्या आहेत, हे गोन्सालोंचा सण साजरा करणाऱ्या धर्मगुरूंनी एकदा मोजून सांगावे.