केसरबाई केरकर आणि चोरून केलेल्या टेपांची गोष्ट

व्हॉयेजर-१ हे यान आज पृथ्वीपासून २,४०० कोटी किलोमीटरहून जास्त लांब आहे. त्यावर बसवलेल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीत भारतातलं एकच गाणं आहे: केसरबाई केरकरांची साधारण साडेतीन मिनिटांची भैरवी. हे तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर दहा वेळा वाचलं असेल. मला आज त्याच्या उलट बाजूबद्दल लिहायचंय. याच बाईंची तासाभराची मैफल ऐकायची असेल तर आपण ज्या टेपांकडे वळतो, त्यातल्या बऱ्याच त्यांना न विचारता केलेल्या आहेत.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ चा, गोव्यात फोंडा तालुक्यातल्या केरी गावचा, कलावंत समाजातला. आठ वर्षांच्या असताना घरच्यांनी कोल्हापूरला नेलं आणि तिथे काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांची तालीम मिळाली. गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे. सोळाव्या वर्षी मुंबई, मग सतारिये बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले. गुरू मोठे होते, पण कुणाचीच तालीम सलग टिकत नव्हती. कोडच्या भाषेत सांगायचं तर रिपॉझिटरी चार आणि एकही पूर्ण क्लोन नाही.

१९२१ मध्ये जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब त्यांना शिकवायला तयार झाले, तेव्हा केसरबाई जवळपास एकोणतीस वर्षांच्या होत्या, म्हणजे आज माझं जे वय आहे तेवढ्या. मैफलींत नाव होऊ लागलं असताना त्यांनी पुन्हा पहिल्या सुरापासून सुरुवात केली. १९४६ मध्ये खाँसाहेब गेले, तोवर हे नातं टिकलं. या गायकीत दोन राग एकमेकांत गुंफलेले असतात, आणि लांब आकारात लयीची वीण न तुटता समेवर यावं लागतं. तिथपर्यंत पोचायला वेळ लागतो.

आणि वेळ हाच तर ७८ आरपीएमच्या तबकडीचा प्रॉब्लेम होता. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. बाईंनी एचएमव्ही आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांसाठी अशा तबकड्या केल्या आणि त्यातली ललितागौरी आजही थक्क करते. पण तासाचा ख्याल तीन मिनिटांत म्हणजे रॉ फोटोचा थंबनेल. आकार कळतो, पोत नाही.

१९५० नंतर मुंबईतल्या पैसेवाल्या घरांत परदेशी स्पूल टेपरेकॉर्डर दिसू लागले. हिशेब करून बघा: सात इंची स्पूलवर १,२०० फूट टेप, वेग सेकंदाला ९.५ सेंटिमीटर, तर एका बाजूला साधारण ६४ मिनिटं. आता अख्खा राग मावत होता. पण नेमका याच यंत्राला केसरबाईंचा विरोध होता. मैफलीचं रेकॉर्डिंग त्या करू देत नसत.

यावरून त्यांना तापट, अहंकारी वगैरे म्हणायची पद्धत आहे. मला ते अर्धवट वाटतं. ज्या समाजात त्या जन्मल्या, तिथल्या गाणाऱ्या बाईच्या कलेवर आश्रयदात्याने हक्क सांगायचा, हीच रीत होती. कुठे गायचं, किती बिदागीत, कोणासमोर, हे केसरबाईंनी स्वतःच्या हातात घेतलं होतं. टेप म्हणजे ते सगळं एका बटणावर दुसऱ्याच्या ताब्यात. शिवाय वर्षानुवर्षं घासून मिळवलेली चीज कोणीही घरी बसून उतरवून घेणार. कायदाही बाजूला नव्हता. कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क देणारी दुरुस्ती आपल्याकडे १९९४ मध्ये झाली. बाईंच्या हयातीत ‘नाही’ म्हणणं एवढंच हत्यार होतं.

मानसन्मान भरपूर मिळाले: १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमी, १९६९ मध्ये पद्मभूषण. (‘सूरश्री’ ही पदवी टागोरांनी दिली असं नेटवर फिरतं. त्यांना बाईंचं गाणं आवडायचं हे खरं, पण पदवी कोलकात्याच्या एका संगीतसंस्थेची, १९४८ ची, आणि टागोर १९४१ मध्येच गेले होते.) साठीच्या दशकाच्या मध्यात त्यांनी जाहीर गाणं थांबवलं. आवाज उतरलेला लोकांनी ऐकू नये, हा निर्णयही त्यांचाच असावा असं मला वाटतं. मुंबईत शिवाजी पार्कला त्यांचं घर होतं. मी रोज संध्याकाळी तिथल्या कट्ट्यावरून चालतो. क्रिकेटवाल्यांची नावं सगळ्यांना पाठ असतात, बाईंचं घर विचारलं तर माणसं मोबाइल काढतात. धोंडूताई कुलकर्णी ही एकच शिष्या त्यांनी मनापासून तयार केली. १६ सप्टेंबर १९७७ ला केसरबाई गेल्या. व्हॉयेजर-१ उडून अकरा दिवस झाले होते.

आता टेपांकडे. ओळखीच्या एका काकांनी दिलेल्या पेनड्राइव्हमध्ये मला ‘केसरबाई लाइव्ह २’ अशी एक फाइल मिळाली. स्पूलवरून कॅसेट, तिच्यावरून दुसरी कॅसेट, मग एमपी३, असा तिचा प्रवास असणार. प्रत्येक प्रतीबरोबर खरखर वाढते आणि वेग सरकतो. वेग सहा टक्के चुकला की सूर साधारण अर्ध्या स्वराने, म्हणजे पेटीवरच्या शेजारच्या पट्टीने हलतो. आवाज तरुण किंवा म्हातारा वाटतो, आणि आपण त्यावरून बाईंबद्दल मतं बनवतो! दुरुस्तीला एक छान युक्ती आहे. जुन्या यंत्रात विजेची ५० हर्ट्झची गुणगुण टेपवर उतरलेली असते. स्पेक्ट्रममध्ये ती ४८.५ वर दिसली तर टेप साधारण तीन टक्के हळू चालतेय असा अंदाज बांधता येतो. अंदाजच, कारण त्या काळी विजेची फ्रिक्वेन्सीही जागेवर राहत नसे.

खरखर काढणारी एआय टूल्स मी त्या फाइलवर चालवून पाहिली. खरखर गेली, आणि तानपुऱ्याचा वरचा झंकारही गेला. मॉडेलला दोन्ही सारखेच वाटतात. ती प्रत मी डिलीट केली.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. अशा दोन-चार तासांच्या टेपांवर व्हॉइस मॉडेल ट्रेन करून ‘केसरबाईंचा नवा राग’ काढणं आज तांत्रिकदृष्ट्या शक्यतेच्या टप्प्यात आहे. मी टेप ऐकतो, ते समर्थनीय आहे असं मानतो, कारण ती नसती तर त्या गायकीचा विस्तार कानाने कळायचा मार्गच उरला नसता. क्लोन मात्र मी करणार नाही. एकदा ‘नाही’ म्हणून गेलेल्या बाईच्या तोंडी, तिने न गायलेलं गाणं घालायला मला कुठलंच कारण सापडत नाही.

तुमच्या घरी आजोबांचे स्पूल असतील तर आधी चालवून बघू नका, जुनी टेप पहिल्याच फेरीत सुटू शकते. जाणकाराकडून ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये एकदाच उतरवून घ्या. ती मूळ फाइल तशीच ठेवा, सफाई कॉपीवर करा. आणि खोक्यावर पेन्सिलने लिहिलेली तारीख, घराचं नाव, तबल्याला कोण होतं, याचा फोटो काढून फाइलसोबत ठेवा. रेकॉर्डिंग परवानगीने झालं की नाही हे घरात कोणाला आठवत असेल, तर तेही लिहा.