कुकस्टाउनचे ब्रिगेडियर सिंटन

मागच्या जुलैत माझी आई नागपूरहून आमच्याकडे बेलफास्टला आली होती. एका रविवारी पुरी-भाजीचा डबा घेऊन आम्ही सगळे कुकस्टाउनकडे एका तळ्याकाठी गेलो. ऊन छान होतं. पण वारा पडला आणि मिजेस आल्या! आयर्लंडात एक उन्हाळा काढलेल्यांना वेगळं सांगायला नको. आईनं पदर डोक्यावरून घेतला, कडुनिंबाचा धूर करायला हवा होता म्हणाली. मग जरा गंभीर होऊन तिनं विचारलं, की ही माशी कोणती? हिच्यानं पोरांना ताप तर येत नाही ना?

इथल्या मिजेस नुसत्या खाजवायला लावतात, असं सांगून मी तिची समजूत घातली. पण तिच्या मनात काय आलं असणार ते मला ठाऊक होतं. मी सात-आठ वर्षांचा असताना आमच्या शेजारचा एक मुलगा संध्याकाळी तापला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेला. मेंदूज्वर, एवढंच मोठी माणसं म्हणाली. कशानं झाला ते कुणालाच सांगता आलं नाही. त्याची आई पुढं कित्येक वर्षं दिवेलागणीला सगळ्या खिडक्या घट्ट लावून घ्यायची.

परतताना मी मुद्दाम क्लॅगनच्या प्रेस्बिटेरियन दफनभूमीपाशी गाडी थांबवली. ही माशी कोणती, हाच प्रश्न ज्यानं हिंदुस्थानात वर्षानुवर्षं विचारला, तो माणूस तिथं विसावला आहे. ब्रिगेडियर डॉ. जॉन अलेक्झांडर सिंटन.

सिंटन मूळचे अल्स्टरच्या लिननच्या धंद्यातल्या क्वेकर घराण्यातले. जन्म मात्र 2 डिसेंबर 1884 चा, कॅनडातल्या व्हिक्टोरिया गावी. 1890 मध्ये कुटुंब परत आलं आणि जॉनचं शिक्षण इथंच झालं. आधी लिस्बर्न, मग बेलफास्टची शाळा, मग क्वीन्समधून 1908 साली डॉक्टरकी. त्यानंतर ते लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत गेले. तिथं रोनाल्ड रॉस होते. सिकंदराबादेत 1897 साली डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी शोधणारे तेच हे रॉस. 1911 मध्ये सिंटन इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या परीक्षेत पहिले आले आणि हिंदुस्थानात रुजू झाले.

पहिलं महायुद्ध सुरू झालं. मेसोपोटेमियात कुट या गावी पूना डिव्हिजन वेढ्यात अडकली होती. तिच्यात आपल्या मराठा पलटणीही होत्या, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. त्यांना सोडवायला निघालेल्या फौजेबरोबर कॅप्टन सिंटन डॉक्टर म्हणून होते. 21 जानेवारी 1916 रोजी ओरा इथं दोन्ही दंडांत आणि कुशीत गोळ्या लागल्या, तरी ते इस्पितळात जायला तयार झाले नाहीत. उजेड होता तोवर गोळीबारात जखमींना पाहत राहिले. त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कुट मात्र सुटलं नाही. एप्रिलअखेर तिथल्या फौजेला शरण जावं लागलं.

इथं एखाद्याची गोष्ट संपली असती. सिंटनची खरी गोष्ट इथून पुढं आहे. लढाईनंतर त्यांनी डास आणि माश्या हाती घेतल्या! कसौलीला त्यांनी क्विनाइनच्या उपचारांवर काम केलं आणि 1927 पासून ते मलेरिया सर्व्हे ऑफ इंडियाचे संचालक झाले. मलेरिया हिंदुस्थानला केवढ्याला पडतो याचा हिशेब त्यांनी 1930 च्या दशकात मांडला. वर्षाला सुमारे 10 कोटी रुग्ण आणि निदान 10 लाख मृत्यू, असा तो अंदाज होता. सरकार इंग्रजांचं, सर्व्हेही इंग्रजांचा, आणि फौज धडधाकट राहावी ही त्यातली मोठी गरज. हे सगळं खरंच. पण त्या आकड्यांत बहुतेक माणसं आपलीच होती, आणि ती कुणीतरी मोजली.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्यांचं सँडफ्लायवरचं काम. सँडफ्लाय म्हणजे आपली वाळूमाशी, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. मच्छरदाणीच्या भोकातून सहज आत येते. मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यात राहते, शेण-मातीच्या ओलीत वाढते. नुसत्या डोळ्यांना सगळ्या सारख्याच. सिंटन त्यांचा घसा, तोंडाची पोकळी, मादीच्या पोटातली बीजाची पिशवी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत आणि एकेक जात वेगळी काढत. हिंदुस्थानातल्या सँडफ्लायवर त्यांनी टिपणांमागून टिपणं लिहिली. सँडफ्लायच्या एका गटाला सिंटोनियस हे नाव त्यांच्यावरूनच पडलं.

हा नुसता छंद नव्हता. तेव्हा बंगाल, आसाम, बिहारात काळा आजार गावंच्या गावं रिकामी करत होता. ताप हटत नाही, प्लीहा वाढते, कातडी काळवंडते आणि माणूस झिजून मरतो. तो पसरवतं कोण? कुणाचा संशय ढेकणावर, कुणाचा आणखी कशावर. सिंटननी नकाशे जुळवले. काळा आजार जिथं जिथं, तिथं तिथं अर्जेंटिपीस नावाची सँडफ्लाय सापडत होती. या नावाचा अर्थच रुपेरी पायांची. सगळ्या सँडफ्लाय एकच मानल्या असत्या, तर हे कधीच दिसलं नसतं. 1924 मध्ये कलकत्त्याच्या नोल्स, नेपियर आणि स्मिथ यांना त्याच माशीत परजीवी वाढताना दिसले.

तरी पुरावा पुरा व्हायला 1942 उजाडलं. प्रयोगशाळेत माश्या लवकर मरायच्या. शेवटी रक्त प्यायल्यानंतर त्यांना मनुका खायला दिल्या! त्यावर त्या जगल्या, आतले परजीवी भरपूर वाढले, आणि स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी आसामात दाखवून दिलं की हीच माशी चावून काळा आजार होतो.

सिंटनच्या हाती फक्त सूक्ष्मदर्शक होता. आज जनुकं वाचता येतात आणि त्यांचा प्रश्न आणखी खोल गेला आहे. खेड्यात मलेरिया पसरवणारा क्युलिसिफेसीस डास त्यांच्या काळी एकच मानला जाई. 1980 नंतर गुणसूत्रांवरून कळलं की त्यात पाच जाती आहेत. पाचही हुबेहूब सारख्या. पण त्यातली एक बहुतेक गुरांनाच चावते आणि मलेरिया फारसा पसरवत नाही. म्हणजे एका गावात तोच डास निरुपद्रवी आणि दुसऱ्या गावात जीवघेणा! रुपेरी पायांच्या माशीतही तीन वेगळ्या जाती असल्याचं 2010 मध्ये मांडलं गेलं. बिहारातल्या या माश्यांत डीडीटीला दाद न देणारी जनुकं सापडली आहेत, आणि 2015 च्या सुमारास तिथं दुसरं औषध फवारायला सुरुवात झाली. एकाच जातीत काही माश्या औषधानं मरतात, काही तगतात आणि तगलेल्यांचीच पिल्लं वाढतात. हा फरक लक्षात घेतला नाही, तर फवारणी वर्षानुवर्षं वाया जाते.

आणि आता आमच्या नागपूरचं. 1965 साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या संशोधकांना एक नवा विषाणू सापडला. तोही सँडफ्लायमार्फत पसरतो असं मानतात. 2003 मध्ये त्यानं आंध्रात 329 मुलांना गाठलं, त्यातली 183 गेली. विदर्भातही त्याच्या साथी आल्या, आणि 2024 मध्ये गुजरातेत. आमच्या शेजारच्या मुलाला तेच झालं होतं असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या आईनं खिडक्या लावल्या तेव्हा ती चुकत नव्हती, एवढं आज म्हणू शकतो.

सिंटन 1946 मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. व्हिक्टोरिया क्रॉस आणि ही फेलोशिप दोन्ही मिळालेला हा एकमेव माणूस. दुसऱ्या महायुद्धातही ते मलेरियाचे सल्लागार म्हणून काम करत होते. शेवटी कुकस्टाउनजवळ येऊन राहिले आणि 25 मार्च 1956 रोजी तिथंच वारले.

आईनं चपला काढून त्या दगडापुढं हात जोडले. ती नागपूरला परतली आणि दिवाळीच्या आधी फोन आला. रंगारी आला होता, पण आधी मोरीच्या आणि मागच्या भिंतीच्या सगळ्या भेगा बुजवून घेतल्या आणि मगच चुना लावू दिला, असं तिनं सांगितलं. दरवर्षी ती भेगा बुजवतेच. यंदा कशासाठी ते तिला ठाऊक होतं.