डॉक्टर लिओनार्ड नून

गवत फुलोऱ्यास आले की कित्येकांस शिंकांनी बेजार करणाऱ्या 'हे-फीव्हर' या विकारावर लसीचा उपाय काढणाऱ्या डॉक्टर नून यांची ओळख आम्ही वाचकांस करून देत आहो. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ते गवताच्या परागांचा अर्क रोग्याच्या डोळ्यांत घालून त्याची सहनशक्ती अजमावीत, व मग तोच अर्क वाढत्या मात्रेने टोचीत. १९११ साली त्यांनी हे प्रयोग प्रसिद्ध केले. परागांत विष असते ही त्यांची समजूत पुढे चुकीची ठरली. उपाय मात्र खरा निघाला! १९१३ साली क्षयाने त्यांस ऐन तारुण्यात ओढून नेले. अपुरे कार्य सहकारी फ्रीमन यांनी चालविले. परागांतील नेमके कोणते प्रथिन बाधते हे आज रक्त तपासून कळते व त्यावरून योग्य अर्क निवडता येतो. नून यांस रोग्याच्या लाल झालेल्या डोळ्यावरूनच सारे ताडावे लागे.