मजुराचा दाम आणि बाबासाहेब



चवदार तळ्याचे बाबासाहेब आपल्या घराघरांत आहेत. घटनेचे शिल्पकार बाबासाहेब तर शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. पण मजुराच्या हाती पुरता दाम पडावा म्हणून झटलेले बाबासाहेब आपण जरा विसरत चाललो आहोत. निडी, नागोठणे, रोहा, पेण इथल्या कष्टकरी घरांसाठी त्यांच्या जीवनाची ही बाजू आम्ही थोडक्यात सांगत आहोत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला. घराणे मूळचे कोकणातले, आंबडव्याचे. वतनाच्या नावाखाली आपल्या वाडवडिलांनी गावाची कामे रात्रंदिवस केली. मोबदला काय, तर बलुते आणि तुकडाभर जमीन! परदेशात अर्थशास्त्र शिकून आलेल्या बाबासाहेबांनी हे दुखणे ओळखले आणि १९२८ साली मुंबई कायदेकौन्सिलात महार वतनाचे बिल मांडले.

आपल्याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली कुळांनी १९३३ ते १९३९ असा संप केला. डिसेंबर १९३४ मध्ये बाबासाहेब स्वतः तिथे गेले. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३७ साली खोतीविरुद्ध बिल आणले, आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाचा हक्क आवळणाऱ्या बिलाविरुद्ध मुंबईचे कामगार रस्त्यावर उतरवले.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. ११ एप्रिल १९४६ रोजी त्यांनी किमान वेतनाचे बिल मांडले. ते मंत्रिपदावरून गेल्यावर १९४८ साली त्याचा कायदा झाला. घटनेच्या २३व्या कलमाने वेठबिगारीला बंदी घातली. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, पण ते कलम कामाला येतच राहिले. किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवणे ही वेठबिगारीच, असे सुप्रीम कोर्टाने १९८२ साली ठरवले.

१९४८ च्या कायद्याची जागा आता २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. मजुरी कमी मिळाली तर तीन वर्षांच्या आत, सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे दावा करता येतो. मजुराने स्वतः करावा, नाहीतर त्याच्या नोंदणीकृत युनियनने. राहिलेल्या रकमेशिवाय दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते. पैसे पुरते दिले हे सिद्ध करायचे ते मालकाने. कमी मजुरीला कबूल म्हणून कागदावर अंगठा दिला असला, तरी तो करार कायद्याने फुकट आहे. अनुसूचित जाती-जमातींना, स्त्रियांना आणि कारखान्यातल्या कामगारांना तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकीलही मिळतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. कामाचे दिवस आणि मिळालेले पैसे रोज वहीत लिहा. ज्याला लिहिता येत नाही त्याची वही घरातल्या शिकलेल्या पोरीने लिहावी. आणि एकट्याने जायची भीती वाटत असेल, तर चौघे मिळून जा. बाबासाहेबांनी हक्क कायद्यात आणून ठेवला; तो मागायला आपणच गेले पाहिजे.

जयभीम! नमो बुद्धाय!