किर्लोस्करांचा नांगर आणि माझं तुटलेलं टूल

मी कॉन्व्हेंटची. त्यामुळे माझ्या ऱ्हस्व-दीर्घाकडे संपादक मंडळाने जरा कानाडोळा करावा ही आधीच विनंती. लक्ष्मणराव किर्लोस्करांवर लिहायचं ठरवलं, त्याला कारण आमच्या वर्कशॉपमध्ये झालेला एक मोठ्ठा आवाज.

प्रोजेक्टसाठी पार्टनरने पंपाच्या कव्हरचं सॉलिड मॉडेल दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये बनवून स्टेप फाईल दिली. मी ती इम्पोर्ट केली. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे, अशा फाईलमधून आकार येतो, पण तो कसा घडला, कुठला खड्डा आधी नि कुठलं भोक नंतर, यातलं काहीच येत नाही. एक मुका गोळा पुढ्यात पडतो. टूल कुठून कसं फिरवायचं ते आपण ठरवायचं. आतल्या कोपऱ्याची त्रिज्या 2 मिमी आणि माझं कटर 10 मिमी व्यासाचं, म्हणजे तिथे 5 मिमीची गोलाई उरणार, हे सिम्युलेशनने दाखवलं. मी शेवटच्या पाससाठी बारीक कटर घेतलं आणि स्वतःवर खूश झाले. पण जॉब धरायचे क्लॅम्प मॉडेलमध्ये नव्हतेच! स्क्रीनवर सगळं छान, मशिनवर खाडकन आवाज आणि एंड मिलचे दोन तुकडे. सबमिशनला नऊ दिवस. त्या रात्री हॉस्टेलवर मी रूममेटला सांगून टाकलं की मेकॅनिकल आपल्याला जमणारं नाही, कोडिंगच्या क्लासला नाव घालते.

वर्कशॉपचे काका रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं की लक्ष्मणरावांचं चरित्र वाचलंय का. नव्हतं वाचलं. आमच्या शाळेत हेन्री फोर्ड होता, किर्लोस्कर नव्हते.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. त्यांना व्हायचं होतं चित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि तिथे कळलं की त्यांना काही रंगांतला फरकच ओळखता येत नाही. चित्रकाराला यापेक्षा वाईट बातमी काय असणार? मग रंगांशी संबंध नाही असं एक चित्र त्यांनी धरलं, यंत्रांचं. मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले आणि व्हीजेटीआयमध्ये तेच शिकवू लागले. (व्हीजेटीआय तेव्हा भायखळ्याला होतं, माटुंग्याला ते 1923 मध्ये गेलं.) पुढे हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. बेळगावला भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान होतंच, तिथे गेले.

सायकली विकता विकता ते शेतीच्या अवजारांकडे वळले. आधी कडबा कापायचं यंत्र, मग 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर. परदेशी नांगर इथे येत होते, म्हणजे मॉडेल तयार होतं असं आपण म्हणू. पण त्यावरून आपल्या बैलांना ओढेल असा नांगर बनवणं वेगळं. आणि नांगराचे भाग ओतायचे. आपण दुसऱ्या वर्षाला शिकलो तेच, बिडाचं लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न मोठा करायचा, वाळूतून सुटावा म्हणून बाजूंना उतार द्यायचा. ड्रॉइंगमधला नांगर आणि ओतशाळेतला नांगर एकच नसतो. ड्रॉइंगच्या मास्तरांना हे प्रत्यक्ष लोखंडात करून शिकावं लागलं असणार, असा माझा अंदाज.

नांगर तयार झाला, आणि घेईना कोणी! लोखंडाने जमिनीत विष पसरतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. मी नऊ दिवसांत हातपाय गाळले होते, हे वाचून जरा लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

बरं चाललं असताना बेळगावची जागा नगरपालिकेने सोडायला लावली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळ दिला. निवडुंग आणि साप यांचाच तो माळ. तिथे 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. माणसंही कशी घेतली बघा! शंभोअण्णा जांभेकर हे नोकरीवरून काढून टाकलेले फायरमन, ते इथे कसलेले इंजिनिअर झाले. शिक्षा भोगून आलेल्यांना लक्ष्मणरावांनी रखवालीचं काम दिलं. वाडीत शिवाशीव चालू दिली नाही. आपल्याकडे प्लेसमेंटला साठ टक्क्यांची अट असते, त्यात शंभोअण्णा पहिल्याच फेरीत बाहेर गेले असते.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येईना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा देऊ केल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. हे मी कॉलेजच्या लायब्ररीत वाचत होते, आणि बाहेर कळंबोलीच्या स्टील मार्केटला पत्र्याच्या गुंडाळ्या घेऊन जाणाऱ्या ट्रेलरची रांग लागली होती. आपल्याला लोखंडाची टंचाई म्हणजे काय ते कळणारच नाही.

पुढे पंप आले, इंजिनं आली, आणि मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला शिकून आल्यावर कारखाना किती वाढला ते सर्वांना माहीत आहे. लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 ला गेले.

माझं सांगायचं तर, दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन मशिनवरचे क्लॅम्प मोजले, मॉडेलमध्ये काढले आणि टूल त्यांच्यावरून उचलून घेणारा रस्ता केला. काकांनी आधी जॉबच्या 50 मिमी वर, हवेतच प्रोग्रॅम चालवायला लावला. अकरा मिनिटं आम्ही दोघी आणि काका, हवा कापणाऱ्या टूलकडे टक लावून उभे. मग खरं चालवलं. कव्हर सबमिट झालं. पहिल्या दिवशीचा ओरखडा पडलेला क्लॅम्प काकांनी फेकलेला नाही, तो मशिनशेजारच्या खिळ्याला टांगलाय. कोडिंगच्या क्लासची फी अजून माझ्याकडेच आहे, त्यातून नवी एंड मिल आणली.