वेंडेल स्कॉट

आंबेगाव तालुक्यातील अवसरी बुद्रुक व आसपासच्या गावांना बैलगाड्यांच्या शर्यतीचे मोठे वेड. घाटात गाडा सुटला, की काही सेकंदांतच तो निशाणापाशी पोहोचतो. त्याला किती वेळ लागला, हे पाहणारा माणूस चोख असावा लागतो. तेथे चूक झाली, तर बैलांचे व गाडामालकाचे सारे श्रम वाया जातात. मोटारींच्या शर्यतीत हीच आपत्ती एका थोर शर्यतपटूवर ओढवली होती. त्याचे नाव वेंडेल स्कॉट.

वेंडेलचा जन्म २९ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात डॅनव्हिल या गावी झाला. तो कृष्णवर्णीय होता. त्या काळी दक्षिण अमेरिकी राज्यांत कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या, उपाहारगृहे वेगळी, बसमधील जागाही वेगळ्या असत. तरुणपणी वेंडेलने टॅक्सी चालवली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात राहून त्याने युरोपात वाहने दुरुस्त केली आणि परतल्यावर मोटारदुरुस्तीचा व्यवसाय मांडला.

बाजारात मिळणाऱ्या मोटारींसारख्या मोटारी शर्यतीजोग्या करून ज्या शर्यती होतात, त्यांना स्टॉक कार शर्यती म्हणतात. १९५२ साली वेंडेल त्यांत उतरला. कित्येक ठिकाणी केवळ वर्णामुळे त्याला प्रवेश नाकारला गेला. प्रेक्षक अपशब्द बोलत. काही प्रतिस्पर्धी त्याच्या गाडीला मुद्दाम धक्का देत. परंतु हातघाईवर आलो, तर शर्यतीचे दार कायमचे बंद होईल, हे तो जाणून होता. म्हणून त्याने संयम सोडला नाही. १९५९ साली त्याने व्हर्जिनिया राज्याचे अजिंक्यपद मिळवले आणि १९६१ पासून तो नॅसकार संस्थेच्या सर्वांत मोठ्या शर्यतमालिकेत धावू लागला. इतरांच्या पाठीशी धनाढ्य कंपन्या होत्या. वेंडेल जुन्या गाड्या विकत घेई व स्वतःच दुरुस्त करी. त्याचे मुलगे त्याचे मदतनीस होते.

१ डिसेंबर १९६३ रोजी फ्लोरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल येथे २०० फेऱ्यांची शर्यत झाली. वेंडेलने सर्वांना मागे टाकले. तरीही पंचांनी विजयाचे निशाण त्याला दाखवले नाही. बक बेकर या गोऱ्या शर्यतपटूला विजेता ठरवून त्याच्या हाती विजयचिन्ह देण्यात आले. वेंडेलने दाद मागितली. काही तासांनी फेऱ्यांची नोंद पुन्हा तपासली, तेव्हा तोच विजयी ठरला. पण तोवर मैदान रिकामे झाले होते. त्याला बक्षिसाची रक्कम मिळाली. विजेत्याचा सत्कार मात्र झाला नाही. पंचांनी ही नोंदीतील चूक म्हटली. कृष्णवर्णीय विजेत्याचा सत्कार गोऱ्या प्रेक्षकांसमोर होऊ नये, हाच त्यामागील हेतू होता, असे वेंडेलचे मत होते.

या अन्यायाने तो खचला नाही. पुढे जवळजवळ दहा वर्षे तो शर्यतींत उतरत राहिला. १९७३ साली टॅलाडेगा येथील भीषण अपघातात तो जबर जखमी झाला आणि त्याची कारकीर्द संपुष्टात आली. त्या मोठ्या मालिकेत तो ४९५ शर्यती धावला. त्यांपैकी १४७ शर्यतींत तो पहिल्या दहांत आला. २३ डिसेंबर १९९० रोजी तो मरण पावला.

२०१५ साली नॅसकारने आपल्या सन्मानित शर्यतपटूंत त्याचे नाव घेतले. २०२१ साली जॅक्सनव्हिलच्या विजयाचे चिन्ह त्याच्या कुटुंबीयांना समारंभपूर्वक देण्यात आले. विजयानंतर सत्तावन्न वर्षे लोटली होती आणि ते स्वीकारण्यास वेंडेल हयात नव्हता. ज्याचा मान त्याला वेळेवर देणे, हे शर्यत जिंकण्याइतकेच मोठे काम आहे.