सेवास्तोपोल पाहून आलेले अजीमुल्ला खान

रशिया-युक्रेनच्या भांडणात सेवास्तोपोल या आरमारी बंदराचं नाव निघालं की इथं मेडशीत आम्हाला अजीमुल्ला खान आठवतात. 1837-38 च्या दुष्काळात आईसोबत कानपूरच्या मिशनात आसऱ्याला आलेलं हे पोर. साहेबांच्या घरी खिदमतगारी केली, इंग्रजी-फ्रेंच शिकले, शाळेत मास्तर झाले (आम्हा मास्तरांना याचं जरा जास्तच कौतुक!). पुढं बिठूरच्या नानासाहेब पेशव्यांनी त्यांना जवळ केलं. बाजीरावांचा वर्षाला आठ लाखांचा तनखा कंपनीनं बंद केला होता. तो मागायला 1853 मध्ये अजीमुल्ला लंडनला गेले. अर्ज फेटाळला गेला.

परतताना 1855 मध्ये इस्तंबूलहून वाट वाकडी करून ते क्रिमियात पोचले. सेवास्तोपोलला वेढा पडलेला. तुर्की सुलतान इंग्रज-फ्रेंचांच्याच बाजूनं होता, तरी रशियनांनी 18 जूनचा त्यांचा हल्ला परतवून लावला होता. ज्यांच्या दारात अर्ज घेऊन उभं राहावं लागलं, ते साहेबही मार खातात, हे अजीमुल्लांना तिथं कळलं. सप्टेंबरात शहर पडलं खरं, पण तोवर साहेबाचा धाक गेला होता.

1857 मध्ये कानपुरात ते नानासाहेबांसोबत होते. तिथं इंग्रज बायका-मुलांचीही कत्तल झाली. तो डाग आम्ही झाकणार नाही. पराभवानंतर ते नेपाळच्या तराईकडे गेले आणि 1859 च्या सुमारास तापानं वारले, असं मानतात.